उचंत खातं

परवा चुलतबहिणीचा फोन आला, खूप दिवसांनी, आणि इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने विचारलं, अगं पण तू नक्की करतेस काय सध्या? मी सांगायला लागले, एका माहितीपटाचे मराठी सबटायटल्स चालू आहेत, ठिबक सिंचनाची एक माहितीपुस्तिका आहे, दोन दिवाळी अंकांचे लेख द्यायचेत, सकाळी मोडी लिपीतले जुने कागद वाचते, बुधवारी-शनिवारी मिरजेला गाण्याच्या बाईंकडे जाते... ती मधेच म्हणाली, म्हणजे ठरलेलं असं काहीच नाही का? तिच्या आवाजात काळजी होती, टोमणा नव्हता. पण फोन ठेवल्यावर मी ओट्यापाशी तशीच उभी राहिले, कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही कळलं नाही, आणि वाटलं की याचं उत्तर एकदा नीट बसून लिहूया. फोनवर ते देता येण्यासारखं नव्हतंच, कारण ते आजोबांच्या हिशोबाच्या चोपडीतून सुरू होतं.

मी सांगलीची. आजोबांचं हळदीचं अडत दुकान होतं, म्हणजे शेतकऱ्याचा माल यायचा, तो व्यापाऱ्याला विकून द्यायचा आणि मधे अडत, म्हणजे दलाली, घ्यायची. गावभागातल्या जुन्या घरात माडीखालच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि लहानपणी आम्हाला तिच्यावर बसायची परवानगी होती, उघडायची नव्हती. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला तो ज्यांनी बघितलाय त्यांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ ४० फुटाला इशारा, ४५ फुटाला धोका, आणि त्या वेळी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. पाणी उतरल्यावर घरात गुडघाभर गाळ होता. कपाटं, गाद्या, पीठमिठाचे डबे सगळं बाहेर काढलं आणि शेवटी ती ट्रंक उघडली तर आत चोपड्या. लाल कापडी पुठ्ठ्याच्या, लांबोळक्या, भिजून विटांसारख्या जड झालेल्या.

त्या वाळवायला आम्हाला तीन आठवडे लागले. उन्हात ठेवायच्या नाहीत एवढं एकाने सांगितलं होतं, म्हणून माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून, पानापानात कोरा कागद घालून, दोन टेबलफॅन दिवसरात्र चालू. दर काही तासांनी कागद बदलायचे. जिथे निळ्या शाईने लिहिलं होतं तिथे नुसतं निळं ढग झालं, पण जुन्या काळ्या शाईतलं जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. आणि ते सगळं मोडीत. घरात कोणालाच वाचता येईना. बाबांना शाळेत मोडी नव्हतीच, आत्याला थोडी होती पण आता तिला स्वतःच्या नावापलीकडे आठवत नाही. ती एका पानावर बोट फिरवत म्हणाली, आगं हे तुझ्या आजोबांचं अक्षर आहे, एवढं कळतंय बघ मला, काय लिहिलंय ते नाही कळत.

माझा मोडीचा अभ्यास तिथून सुरू झाला. पुढे लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्ग मिळाला आणि मग सुटला नाही.

ज्यांनी मोडी बघितलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते कारण मला याबद्दल बोलायला मनापासून आवडतं. देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ ओढतो. मोडीत आधी पानभर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला खालून टांगत जायची, बोरू शक्य तेवढा न उचलता. शब्दांत अंतर नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. म्हणजे 'दिन' आणि 'दीन' एकच, संदर्भ तुमचा तुम्ही लावायचा. मी सुरुवातीला आजोबांच्या चोपडीत 'हमाल तो लाकडे' असं काहीतरी वाचलं आणि दोन दिवस डोकं खाजवत बसले की हळदीच्या दुकानात लाकडं कुठून आली. ते होतं 'हमाल तोलाकडे'. तोलाकडे म्हणजे वजनाकडे. शब्द नेमका कुठे तोडायचा हे कळायला आधी तो धंदा कळायला लागतो हे मला त्या दिवशी पक्कं समजलं.

वर्गात आम्ही पेशवेकालीन पत्रंही वाचतो आणि तिथे वर्षं लिहायची वेगळीच तऱ्हा. शुहूर सन, त्यातले आकडे अरबी आणि एकंपासून उलटे चढत जाणारे. 'समान सितैन मया व अलफ' म्हणजे आठ, साठ, शंभर आणि हजार, झाले ११६८. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन, कारण हे वर्ष मृगाला सुरू होतं त्यामुळे आपल्या दोन वर्षांत पसरतं. म्हणजे १७६७-६८. पहिल्यांदा मला हे कोणाच्या मदतीशिवाय सोडवता आलं तेव्हा रात्रीचा एक वाजला होता आणि घरात सांगायला जागं कोणी नव्हतं, मी बाल्कनीत जाऊन उभी राहिले थोडा वेळ. वय ४० ला अशी नवी अक्षरओळख होणं म्हणजे काय असतं ते मला नीट सांगता नाही येत अजून. पहिलीत दुकानांच्या पाट्या वाचता यायला लागल्यावर जे होतं ना, तसंच होतं.

असो, उचंतकडे येते.

आजोबांच्या चोपड्या मुख्यतः दोन प्रकारच्या. एक रोजकीर्द, म्हणजे रोज काय आलं काय गेलं ते त्या दिवशीच लिहायचं. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दुसरी खतावणी, तिथे त्याच रकमा माणसामाणसाच्या नावावर नेऊन टाकायच्या. अमक्या गावच्या अमक्या शेतकऱ्याचं खातं, हमालीचं, तोलाईचं, गाडीभाड्याचं. वर्ष दिवाळीच्या पाडव्याला सुरू, नवी चोपडी, पहिल्या पानावर श्री. रुपये-आणे-पै, त्यात पाव म्हणजे एक उभी रेघ, अर्धा म्हणजे दोन, पाऊण म्हणजे तीन. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे आत्याला अजून धडाधड येतात आणि ते का पाठ करून घेत असत हे मला ती पानं वाचताना कळलं, कारण तिथे दर ओळीला पावणेतीन मण आणि सव्वासात रुपये असलंच काहीतरी आहे, आणि हिशोब करणारा माणूस डोक्यात करून मोकळा होतोय.

तर या खतावणीत मागच्या बाजूला दरवर्षी काही पानं राखलेली. वर लिहिलंय 'उचंत खाते'. ज्यांचे कॉमर्स झालेय त्यांना माहीत असेल, मला नव्हतं. रक्कम हातातून गेलीय किंवा हातात आलीय हे नक्की, पण ती कोणाच्या नावावर टाकायची ते अजून ठरलेलं नाही, तर ती तोपर्यंत उचंतला टाकून ठेवायची. ती हरवलेली नाही, फुकट गेलेली नाही, हिशोबाच्या बाहेरही नाही. तिचं खातं ठरायचं बाकी आहे एवढंच. कधी आठवड्यात ठरतं, कधी पुढच्या दिवाळीपर्यंत तशीच राहते आणि मग 'मागील पानावरून' असं लिहून नव्या चोपडीत पुढे ओढतात.

हे वाचलं आणि मला एकदम वाटलं की अरे माझ्या अर्ध्या आयुष्याला हा शब्द पाहिजे होता. लोक धरसोड म्हणतात, आणि तो शब्द मला फार वर्षं टोचत आलाय.

नोकरी मी २०१६ ला सोडली. एका दैनिकाच्या पुरवणीत नऊ वर्षं काढली, चांगली गेली, भाषा तिथेच घडली माझी. पण रोज संध्याकाळी साडेसहाला पान लावायचं म्हणजे लावायचंच, त्यामुळे डोक्यात जे काही येईल ते ६०० शब्दांत संपवायची सवय लागली होती आणि ती सवय मोडायची होती. फ्रीलान्स झाल्यावर पहिली दोन वर्षं मिळेल ते केलं. बियाण्यांच्या पाकिटावरचा मजकूर, हॉस्पिटलची माहितीपत्रकं, एका बँकेच्या ॲपमधली बटणं मराठीत करणं. बटणांचं काम सोपं वाटतं पण 'सबमिट' ला काय लिहायचं यावर चौदा मेल झाल्या होत्या. शेवटी 'पाठवा' ठेवलं आणि ते बरोबरच होतं असं मला अजून वाटतं.

सबटायटलचं काम मात्र मला खरंच आवडतं. बहुतेक ठिकाणी नियम असा की एका वेळी दोनच ओळी आणि एका ओळीत साधारण ४२ अक्षरं. आता अक्षर म्हणजे काय हा आपल्याकडे मोठाच प्रश्न. आपल्याला 'क्षि' हे एक अक्षर दिसतं, पण कॉम्प्युटरच्या लेखी ती चार चिन्हं, क, हलन्त, ष आणि वेलांटी. काना-मात्रा सगळं वेगळं मोजतात ही सॉफ्टवेअरं. त्यामुळे इंग्रजीत आरामात बसलेलं वाक्य मराठीत बसवताना दम निघतो, 'त्याच्यासाठी' ला 'त्याला' करा, 'परिस्थिती' च्या जागी 'वेळ' चालतेय का बघा, आणि तरी पात्राच्या तोंडचा सूर जाता कामा नये. कोकणातली म्हातारी पुण्याच्या निवेदिकेसारखी बोलायला लागली की सगळं फसलं.

आणि इथे मला मोडीचा उपयोग झाला, कसा ते सांगते. जुने कारकून प्रचंड संक्षेप करायचे. 'राजश्री' ला नुसतं 'रा' आणि दोन दंड. बरेच नेहमीचे शब्द असे एका अक्षरावर आणलेले, कारण वाचणाऱ्याला ते माहीत असणारच हा भरवसा. मला त्यातून हे लक्षात आलं की छोटं करताना शब्दाची लांबी बघत बसायचं नसतं, वाचणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे ते बघायचं, तेवढं सोडून द्यायचं. पडद्यावर म्हातारी दार उघडताना दिसतेयच तर 'ये, आत ये, दार उघडं आहे' मधलं दार लिहायची गरज नाही. दोन वर्षं सबटायटल करत होते तरी हे कोणी मला असं सांगितलं नव्हतं, ते मेलेल्या कारकुनांकडून शिकले.

पण हे असं होईल म्हणून मी मोडी शिकले नव्हते. तेव्हा ती रक्कम उचंतला होती.

मला भीती वाटते ती याच्या उलट होण्याची, आणि ते एकदा झालंय. मला गच्चीतल्या बागेचं वेड होतं. जुन्या बादल्या, तेलाचे डबे, उसाचं पाचट, भाजीचा कचरा कुजवून केलेली माती, त्यात दोडका, घेवडा, अळू, गवती चहा, आणि अर्थातच हळद. अक्षय्य तृतीयेच्या आसपास कंद लावायचे, नऊ महिन्यांनी पानं सुकून आडवी झाली की काढायची. कोणीतरी म्हणालं लिहीत जा की यावर, आणि एका पोर्टलने साप्ताहिक सदर दिलं. पैसे बरे होते. पहिले चार महिने मजेत गेले. मग दर मंगळवारी लेख द्यायचा म्हणून मी गच्चीवर जायला लागले. दोडक्याला कीड लागली की वाईट वाटायच्या आधी मनात यायचं, चला या आठवड्याचा विषय मिळाला. फोटो चांगला यावा म्हणून मी एकदा घेवड्याचा वेल मांडवावरून सोडवून पुन्हा बांधला आणि तो मोडला. सदर दोन वर्षं चाललं आणि ते संपलं तेव्हा माझ्या गच्चीत तीन कुंड्या उरल्या होत्या. त्या बागेतून मला पैसे मिळाले, नाव मिळालं, पण बाग गेली. आजही मला त्या आनंदाने माती हातात घेता येत नाही आणि याचं मला खरंच दुःख आहे.

म्हणून मागच्या वर्षी जेव्हा विचारणा आली की 'तीस दिवसांत मोडी' अशी छोट्या व्हिडिओंची मालिका लिहून द्याल का, तुम्हीच बोला त्यात, तेव्हा मी नाही म्हणाले. रक्कम माझ्या दोन महिन्यांच्या कमाईएवढी होती आणि तो महिना कोरडा चालला होता, त्यामुळे नाही म्हणणं सोपं नव्हतं. एक तर तीस दिवसांत फार तर अक्षरं ओळखू येतात, कागद वाचता येत नाही, आणि मी स्वतः अजून विद्यार्थी आहे. बिवलकरी वळण, म्हणजे मोडी लिहायची एक जुनी तऱ्हा, समोर आलं की मी अजून अडखळते. पण मुख्य कारण ते नव्हतं. मला सकाळचे ते दोन तास असे हवे होते की जिथे मी चुकले तर कोणाचं काही बिघडत नाही.

पैशाचं बोलले नाही तर हे सगळं हवेत राहील, म्हणून तेही सांगते, विशेषतः जे नव्याने नोकरी सोडायचा विचार करतायत त्यांच्यासाठी. पहिलं, क्लायंट पेमेंट करताना बहुतेकदा १० टक्के टीडीएस कापतो, तो गेला असं समजून रडायचं नाही, रिटर्न भरताना तो हिशोबात येतो, पण खरंच भरलाय का ते आयकर खात्याच्या २६ एएस या उताऱ्यात बघत राहायचं. दुसरं, माझ्या सीएने मला १९६१ च्या आयकर कायद्यातलं ४४ एडीए कलम समजावून सांगितलं ते मी वेगळीच भाषा ऐकल्यासारखं ऐकलं होतं, पण सोपं आहे. ठराविक व्यवसायांना त्यात वर्षात कामाचे जे एकूण पैसे आले त्यांच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न धरतात आणि खर्चाच्या एकेक बिलाची फाइल ठेवावी लागत नाही. तुमचं काम त्यात बसतं का ते सीएला विचारूनच ठरवा. ॲडव्हान्स टॅक्स मग एकदाच, १५ मार्चपर्यंत. तिसरं, उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, करून ठेवा, ती फुकट होते. एका एजन्सीने माझे पैसे पाच महिने अडकवले होते, दर आठवड्याला 'अकाउंट्सला फॉरवर्ड केलंय' एवढंच उत्तर. नंतर मला कळलं की सूक्ष्म-लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असा २००६ चा कायदाच आहे. आता माझ्या प्रत्येक इन्व्हॉइसच्या खाली उद्यम नंबर आणि ती एक ओळ असते. भांडावं लागत नाही फारसं.

आणि जमा-नावेची एक साधी वही मी हातानेच लिहिते. एक्सेलही आहे, पण वहीत लिहिताना कळतं की या महिन्यात आपण नेमकं काय विकलं.

दिवसाचं म्हणाल तर माझं काही आखीव वेळापत्रक नाही. बरेच जण ते रंगीत चौकोनांचं कॅलेंडर करतात, मी दोनदा केलं, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी कोणाचं तरी अर्जंट आलं. मी फक्त थकवा बघते. सबटायटलने डोळे आणि कान थकतात, पण हात आणि गळा ताजा असतो. अनुवादाने वाक्य रचणारा भाग थकतो, त्या दिवशी स्वतःचं लिहायला बसायचं नाही हे अनुभवाने कळलंय, सगळं दुसऱ्याच्या लयीत येतं. त्या दिवशी मोडी, कारण तिथे वाक्य आयतं आहे, आपण फक्त शोधायचं. स्वतःचं लिखाण, म्हणजे आजोबांच्या दुकानावर आणि हरिपूरच्या पेवांवर जे एक लांबलचक काहीतरी लिहितेय ते, फक्त सकाळी आणि फक्त ज्या दिवशी दुपारपर्यंत कोणाला काही द्यायचं नाही त्या दिवशी. साठ-पासष्ट पानं झालीयत. पेवं म्हणजे जमिनीत खोल खणलेली हळद साठवायची कोठारं, वरून तोंड लहान, आत प्रशस्त. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या त्या मातीत हळद वर्षानुवर्षं कीड न लागता राहायची. २००५ च्या पुरात त्यातली बरीचशी निकामी झाली. ती ज्यांनी हाताने भरली-उपसली त्या माणसांशी बोलायला मला फेऱ्या माराव्या लागतात आणि ती माणसं म्हातारी होतायत, म्हणून या एका बाबतीत मात्र मी घाई करते.

वर्षाचं गणित दिवाळी अंकांवर. १९०९ साली का. र. मित्रांच्या 'मनोरंजन' ने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्याचा पावसाळा असाच जातो. मे-जूनमध्ये पत्रं येतात, जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर द्यायचा, आणि नेमक्या त्याच दिवसांत माझं पैसे देणारं कामही वाढतं. तेव्हा गाण्याचा क्लास बुडतो. दरवर्षी बुडतो आणि दरवर्षी बाई म्हणतात, तंबोरा तरी लावत जा रोज, गायलं नाहीस तरी चालेल.

तंबोरा आत्याचा. तिचं लग्न झाल्यावर माळ्यावर गेला तो थेट २०२१ ला खाली आला, भोपळ्याला चीर, खुंट्या ढिल्या. मिरजेत सतारमेकरांच्या गल्लीत नेला. आपल्याकडे असून आपण बघत नाही असं ते काम आहे. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे आणून वाळवतात, दांडीला तूनाचं लाकूड, आणि मग सगळ्यात नाजूक काम जवारीचं. घोडीचा पृष्ठभाग कानसून अशा बेताचा बाक द्यायचा की तार तिला पुसटशी घासत वाजली पाहिजे. दुरुस्त करणारे काका घासायचे, तार छेडायचे, मान हलवायचे, परत घासायचे. दोन तास मी नुसती बघत होते. मी विचारलं, कळतं कसं झालं ते? ते म्हणाले, गोल व्हायला लागला की कळतंय. एवढंच. मग तारेखाली सुताचा एक बारीक धागा सरकवला, त्याला जीव म्हणतात, आणि तो केसभर पुढे गेल्यावर तो लाकडाचा डबा एकदम बोलायला लागला. जीव लावणे म्हणतात ते यावरून आलं असेल-नसेल, पण त्या क्षणी तरी मला दुसरा अर्थ सुचला नाही.

आता मला तंबोरा लावता येतो. पंचम, दोन जोडीच्या तारा, खर्ज. दोन जोडीच्या तारा एकच षड्ज म्हणतायत असं वाटेपर्यंत खुंटी पिळायची, मग मणी सरकवून अगदी शेवटचा फरक काढायचा. पहिल्या वर्षी अर्धा-अर्धा तास जायचा आणि बाई शेजारच्या खोलीतून ओरडायच्या, वरची तार चढलीय! आता दहा मिनिटांत होतं. गळा माझा सामान्य आहे, तीन रागांतल्या बंदिशी आणि थोडे आलाप एवढंच येतं, आणि मला कुठे कार्यक्रम करायचा नाहीये. पण दिवसभर दुसऱ्याच्या वाक्यांत राहून आल्यावर त्या चार तारांत बसलं की मला माझं ऐकू येतं. यावर मी आजपर्यंत कुठे लेख लिहिला नव्हता, आणि आत्ता हे एवढं लिहितानाही थोडी बिचकतेय खरं तर.

सगळंच काही राहत नाही. जर्मन शिकत होते, दोन परीक्षा दिल्या आणि सोडलं, कारण ते मी कामं मिळतील म्हणून शिकत होते आणि भाषेवर माझं प्रेम बसलं नाही. विणकाम सोडलं, मान दुखायला लागली. ते उचंतमधून काढून खर्ची टाकलं आणि त्याचं वाईट वाटत नाही. आजोबांच्याही पानांवर अशा ओळी आहेत, वरून सरळ रेघ मारलेली आणि बाजूला बारीक अक्षरात 'माफ'.

चुलतबहिणीला परत फोन करून हे सगळं सांगितलं. ती मोठ्या बँकेत आहे, तिला उचंत खातं लगेच कळलं. म्हणाली, अगं पण आमच्याकडे सस्पेन्सला एंट्री फार दिवस राहिली की ऑडिटर जीव खातो. मी म्हटलं, आजोबांकडे ऑडिटर नव्हता.

त्यावरूनच गेल्या आठवड्यातलं सांगायचं राहिलं. शके १८५५ च्या चोपडीत, म्हणजे १९३३-३४ ची, उचंतला एक ओळ आहे, 'सदरहू बाईंस रुपये ७॥'. साडेसात रुपये, तेव्हा काही कमी नव्हते. पुढच्या वर्षी परत, मागील पानावरून, सदरहू बाईंस. त्याच्या पुढच्या वर्षीही. अकरा वर्षं ती ओळ पुढे ओढत नेलीय, ना वसूल, ना माफ, ना कोणाच्या खात्यावर. आता सदरहू म्हणजे वर जिचा उल्लेख आलाय ती, म्हणजे आधी कुठेतरी तिचं नाव असणारच. मी १८५५ ची रोजकीर्द सगळी तपासली, नाही. त्याच्या आदल्या वर्षीच्या चोपडीची शेवटची सातआठ पानं पुरात एकमेकांना चिकटलीयत, घट्ट. आत्याला विचारलं तर तिने खूप वेळ विचार केला आणि मग म्हणाली, असेल कोणीतरी, दारात आलेल्या बाईला तुझे आजोबा रिकामी पाठवायचे नाहीत.

ती पानं घरी सोडवायचा प्रयत्न मी करणार नाही, फाटतील. पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात गेले होते तेव्हा तिथल्या जुन्या कागदांची निगा बघितली होती, तेव्हा आधी जाणत्या माणसाला विचारून, दिवाळी अंकांचं संपलं की चोपडी घेऊन जाईन. तोवर ती सुती फडक्यात गुंडाळून कपाटात वरच्या खणात ठेवलीय. आज मंगळवार, माहितीपटाची अठरा मिनिटं बाकी आहेत आणि उद्या बाईंकडे जायचंय.